दुसरं टोक

डॉक्टर देवस्थळींनी सोनोग्राफीच्या रिपोर्टाची मागची कोरी बाजू वर केली आणि तिच्यावर भाकरीएवढा एक गोल काढला.

"ही वार," त्या म्हणाल्या. "बाळं दोन, पण वार दोघांत मिळून ही एकच."

गोलाच्या एका अंगाला त्यांनी मोठा ठिपका काढला, दुसऱ्या अंगाला बारीक, आणि दोन्हींपासून वारेपर्यंत नाळेच्या रेघा ओढल्या. मग लाल पेन घेऊन या बाजूकडून त्या बाजूला जाणाऱ्या पाच-सहा आडव्या रेघा मारल्या. या रक्तवाहिन्यांतून धाकट्याचं रक्त मोठ्याकडं चाललंय, असं त्यांनी सांगितलं. मोठ्याला झेपेना इतकं रक्त मिळतंय, म्हणून त्याच्याभोवती पाणी साचतंय आणि त्याच्या काळजावर ताण येतोय. धाकटं कोरडं पडलंय. त्याची पिशवी ओल्या कापडासारखी त्याच्या अंगाला चिकटलीय, त्याला हलायला जागा उरलेली नाही.

माझी सून सारिका समोरच्या खुर्चीत मागं रेलून बसली होती. नुकता पाचवा महिना लागला होता, पण पोट नवव्या महिन्याएवढं, कातडी ताणून चकाकत होती. चार दिवस तिला आडवं झोपता आलं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि त्याच दुपारी आम्हाला पुण्याला पाठवलं.

"काही केलंच नाही तर?" माझ्या मुलानं, हणमंतनं विचारलं.

"तर बहुतेक दोन्ही जातील."

हे त्यांनी आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं. मला ते आवडलं. मग उपाय सांगितला. पोटाला बारीक छिद्र पाडून आत दुर्बीण घालायची आणि लेझरच्या किरणानं वाहिन्या जाळून बंद करायच्या. ते करायच्या दोन तऱ्हा होत्या. पहिलीत, आडव्या जाणाऱ्या जेवढ्या वाहिन्या दिसतील तेवढ्या शोधून एकेक बंद करायची. त्यांनी लाल रेघांवर फुल्या मारल्या. दुसरीत, एवढं करून झालं की त्या फुल्या एकमेकींना जोडत वारेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेषा जाळत न्यायची. त्यांनी फुल्यांवरून पेन फिरवलं आणि भाकरीचे दोन तुकडे झाले.

सारिकानं कागद आपल्याकडं ओढून घेतला. ती म्हणाली, "म्हणजे पहिल्यात टाके घालायचे, आणि दुसऱ्यात टीप मारायची."

"शिवणकाम करता?"

"ब्लाउज शिवते. तासगावात."

"मग बरोबर समजलंय तुम्हाला."

डॉक्टर खरं बोलणाऱ्या होत्या. टाके मी सहा वर्षं घालतेय, म्हणाल्या, आणि टीप गेल्या वर्षापासून, आजवर अकरा जणींना. टिपेला वेळ जास्त लागतो. दुर्बीण जितका वेळ आत, तितकी पिशवी फुटण्याची भीती. टाक्यांत वेळ कमी, पण नजरेतून काही सुटलं तर ते सुटलेलंच राहतं. परदेशात दोन्हींची तुलना झालीय आणि दोन्ही चालतात, ज्याला तुमचा होकार ते मी करीन.

"साडेचारपर्यंत सांगा. उद्या सकाळी सातला घेऊ. त्यापुढं थांबता येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण तो कागद मला अजून जसाच्या तसा दिसतो, फुल्यांसकट.

सारिकाला वॉर्डात पलंगावर टेकून बसवलं आणि हणमंत मला बाहेर घेऊन आला. तो बेदाण्याच्या शीतगृहात कामाला होता आणि मार्च म्हणजे त्यांचा भर हंगाम. फोन सारखा खिशात थरथरत होता. त्याचं मत ठरलं होतं. ज्या कामात हात बसलाय तेच डॉक्टरांनी करावं.

"आमच्याकडं नवीन मशीन आलं की पहिल्या वर्षी आम्ही त्यात घरचाच माल ठेवतो, आई. लोकांचा नाही. अकरा म्हणजे काय झालं? अकरा हा काही आकडा आहे?"

मी मान हलवली.

"मान काय हलवतेस? तू सांग की. जन्म गेला तुझा यातच."

ते खरं होतं. चौतीस वर्षं मी सरकारी नर्स होते, सुरुवात जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. सायकल, निळ्या काठाची पांढरी साडी, पत्र्याच्या डब्यात उकळलेली कात्री आणि दोरा. पाच हजारांवर बाळंतपणं केली असतील. गावोगावच्या सुइणींना शिकवायलाही मीच जायची. त्या मला पाठीमागं दोनगाठी सिस्टर म्हणायच्या. कारण मूल जन्मलं की नाळेला मी दोन गाठी मारायची, एक बाळाच्या बाजूला आणि एक वारेच्या बाजूला, आणि मधून कापायची. वारेकडचं टोक कशाला बांधायचं, तिकडं कोण रडतंय, असं म्हणून त्या हसायच्या. मी हसायची नाही. जी दुसरी गाठ विसरायची तिची दोऱ्याची पुडी मी काढून घ्यायची.

ते का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. हणमंतच्या वडिलांनीसुद्धा नाही.

"पाणी भरून आणते," असं म्हणून मी बाटली घेऊन उठले.

डॉक्टर देवस्थळी आपल्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं. मी दारातच थांबले, तशा त्या म्हणाल्या, या आजी, बसा, तुम्ही विचारा, मी जेवते.

मी बसले नाही. "दिसतील त्या वाहिन्या बंद कराल. ज्या दिसत नाहीत त्यांचं काय?"

"कसल्या न दिसणाऱ्या?"

"केसाएवढ्या. वरून बघून कळत नाहीत. दूध भरलं की कळतात."

त्यांचा घास हातातच राहिला. "दूध भरून वार कुठं पाहिलीत तुम्ही?"

मग मी कोण ते सांगितलं. सत्तर साली आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरांनी काचेच्या सिरिंजनं दूध भरून जुळ्यांची वार मला दाखवली होती, एवढंच सांगितलं. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि मला आजी म्हणणं सोडून दिलं.

"सिस्टर, तुम्हाला म्हणून स्पष्ट सांगते. बाळं जगण्याच्या आकड्यात दोन्ही तऱ्हांत फार मोठा फरक नाही. दहांतल्या साधारण सहा जणींची दोन्ही बाळं वाचतात. फरक नंतरच्या त्रासात आहे. नुसते टाके घातले तर शंभरातल्या पंधरा-सोळा जणींत त्या केसाएवढ्या वाहिन्यांतून रक्त हळूहळू झिरपत राहतं. एक बाळ पांढरं पडतं, एक लाल. टीप मारली तर असं तिघींत होतं. आता दुसरी बाजू. माझा हात टाक्यांत जास्त बसलाय. तेही खरंच आहे."

"तुमची स्वतःची सून असती तर?"

"तो प्रश्न मला रोज विचारतात." त्यांनी डबा बाजूला सारला. "तुम्हाला टीप हवीय ना?"

"मला काय हवंय ते विचारू नका."

"मग जे पाहिलंत ते सुनेला सांगा. मी आकडे सांगू शकते. पोट तिचं आहे."

मी बाटली न भरताच परत फिरले. जिन्याच्या कट्ट्यावर बसून राहिले. मला भीती कशाची वाटत होती ते मला नीट कळत होतं. मी टीप म्हणाले आणि दुर्बीण लांबल्यानं पिशवी फुटली, तर दोन्ही माझ्यामुळं गेली. मी गप्प बसले, हणमंतनं टाके म्हणून सांगितलं आणि एखादी वाहिनी राहून गेली, तरी माझ्याचमुळं. आणि टीप हवी असं मला वाटत होतं ते आकडे ऐकून नव्हे. आकडे ऐकायच्या आधीच, कागदावर त्या लाल रेघा पाहिल्या तेव्हाच, मला एक जुना दिवस आठवला होता. अशा माणसानं सल्ला द्यावा का?

वॉर्डात गेले तेव्हा अडीच वाजले होते. हणमंत रक्ताच्या बाटलीची सोय करायला रक्तपेढीत गेला होता. सारिकाच्या पाठीशी चार उशा, तोंड सुकलेलं.

"पाणी कुठाय?" तिनं विचारलं.

बाटली माझ्या हातात रिकामीच होती.

"आत्या, बसा इथं." आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात. "सकाळपासून तुम्ही माझ्या पोटाकडं बघितलं नाही. घरी असताना उठता-बसता हात ठेवून बघायचा. डॉक्टरांनी चित्र काढलं आणि तुम्ही हात मागं घेतला. मला दिसत नाही का?"

"काही नाही गं. जिन्यावर टेकले होते जरा."

"तुम्हाला काहीतरी माहीत आहे. हे म्हणतात टाके. मला तसं वाटत नाही, पण मला यातलं काय कळतंय? तुम्ही बोललात तर माझं ठरेल."

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि चव्वेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला लागले.

निंगव्वा तिचं नाव. जतच्या पुढं कानडी मुलखाला लागून असलेली वाडी, तिथली. पहिलटकरीण, वीस-एकवीसची. कळा सुरू झाल्यावरच तिला माझ्याकडं आणली. त्याआधी मी तिला कधी तपासलेलं नव्हतं. पोट मोठं होतं, पण पाणी जास्त असेल असं मी धरलं. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली. चांगली रडली. बाळाच्या बाजूनं मी नाळ बांधली, कापली आणि वारेकडचं टोक मोकळंच सोडलं, खाली एनॅमलचं भांडं धरून. तेव्हा तशीच पद्धत होती. ते टोक गळू दिलं की वार हलकी होते आणि पटकन सुटते, असं आम्हाला जुन्या बायांनी शिकवलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. मी बाळाला पुसत होते. भांड्यात रक्त पडत होतं, नेहमीपेक्षा जरा जास्त. मला बरंच वाटलं. म्हटलं, वार लवकर येईल.

सारिका माझ्याकडं बघत होती.

"मग पोटावर हात ठेवला, वार सुटली का बघायला. तर आत आणखी एक होतं."

"जुळं."

"जुळं. ते यायला पाव तास लागला. मी ते टोक त्या पाव तासातही बांधलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. दुसरं आलं ते मेणासारखं पांढरं. रडलं नाही. अंगात रक्तच नव्हतं. सगळं माझ्या भांड्यात होतं."

पलीकडच्या पलंगावरच्या बाईचा नवरा तिला सफरचंद कापून देत होता. सुरीचा आवाज येत होता.

"सांगताय की घाबरवताय?" सारिका म्हणाली.

"सांगतेय. मलासुद्धा तेव्हा कळलं नाही काय झालं ते. मी वार फडक्यात बांधून सायकलवरून आरोग्य केंद्रात नेली, डॉक्टरांना दाखवायला. त्यांनी चहाच्या किटलीशेजारचं दूध घेतलं आणि एका नाळेतून भरलं. आम्ही बघत राहिलो. दूध वारेवर पसरलं, मुळांसारखं, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या नाळेच्या टोकाला पांढरा थेंब आला. तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, पहिल्या नाळेचं हे टोक बांधलं होतं ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"बांधलं होतं म्हणाले. त्यांनी मृत जन्म म्हणून लिहिलं."

"आणि त्या बाईला?"

"पोटातच गेलं होतं म्हणून सांगितलं. तिनं बघितलंच नाही त्याला. गेलेलं मूल आईला दाखवायचं नाही, अशी तिकडची रीत. तिच्या सासूनं फडक्यात घेतलं आणि बाहेर नेलं."

"अजून तसंच माहीत आहे तिला?"

"अजून तसंच."

माझा हात बोलता बोलता तिच्या पोटावर गेला होता. सारिकानं तो मनगटाला धरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. रागानं नव्हे, पण ठेवला. मग तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ही मला बाहेर जायला सांगेल, आणि ते योग्यच होईल. घड्याळात तीन वाजून गेले. साडेतीन व्हायला आले. हणमंत येऊन जाऊन गेला. ती झोपलीय समजून हळूच परत बाहेर पडला.

"टीप मारायला सांगा," ती डोळे न उघडता म्हणाली.

"माझ्या बोलण्यावरून नको, सारिका. मी त्या दिवसाच्या भीतीनं—"

"तुमच्यावरून नाही. टाके उसवतात. रोज लोकांचे उसवते मी, एका ओढीत येतात. टीप उसवायला ब्लेड लागतं." मग तिनं डोळे उघडले. "यांना मी सांगते. पण एक आहे, आत्या. उद्या जे काय होईल ते मला सगळ्यात आधी तुम्ही सांगायचं. हे मला सांगणार नाहीत, यांना रडू येतं. डॉक्टर गोड करून सांगतील. तुम्ही यायचं आणि जे असेल ते सांगायचं. एक गेलं तर एक गेलं म्हणायचं. माझं त्या बाईसारखं करायचं नाही."

मी हो म्हणाले. तेवढं पुरलं नाही तिला. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

हणमंत चिडला. माझ्यावरच चिडला, मी काहीतरी पढवलं म्हणून. सारिकानं त्याला जवळ बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. त्यानं कागदावर सही केली आणि त्या दिवशी माझ्याशी पुढं एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला तिला आत नेलं. पाऊण तास लागेल म्हणून सांगितलं होतं. पावणेआठ झाले. आठ झाले. हणमंतचा फोन थरथरला, त्यानं तो बंद करून टाकला, भर हंगामात. आम्ही दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. सव्वाआठला एक नर्स पळत बाहेर आली आणि सलाइनच्या पिशव्या घेऊन पळत आत गेली. ती पळत का होती, हे मी तिच्या चालीवरून ओळखायला हवं होतं. आयुष्यभर मीही तशीच पळाले होते. काही कळलं नाही. हणमंत बाकाच्या त्या टोकावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

आठ चाळीसला डॉक्टर आल्या. कपाळावर टोपीचा वळ पडला होता.

"पिशवी शाबूत आहे. दोन्ही ठोके आहेत. दोन लिटरवर पाणी काढलंय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "रेषा ओढली, सिस्टर. शेवटी अगदी कडेला वार पोटाच्या पुढच्या भिंतीकडं वळलीय. तिथं बोटभर जागेत दुर्बीण नीट पोचत नव्हती. आणखी जोर केला असता तर पिशवी गेली असती. थांबले मी."

"बोटभर," मी म्हणाले.

"बोटभर. कदाचित तिथं काही नसेलही."

सारिका गुंगीत होती. शुद्धीवर येताच तिनं नर्सला नाही, नवऱ्याला नाही, मला हाक मारली. हणमंत माझ्या मागं उभा होता. त्यानं माझा खांदा दाबला. बोटभर जागेचं बोलू नको, असा त्याचा अर्थ होता, ते मला कळलं.

"दोन्ही आहेत," मी म्हणाले. "ठोके चांगले आहेत. रेषा ओढली, फक्त कडेला बोटभर राहिलीय. तिथं काही असेल, नसेल. माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि आडवी झाली. पाच दिवसांनी पहिल्यांदा तिला आडवं होता आलं.

तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत धाकट्याच्या पोटात एक काळा ठिपका दिसला. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला. त्याची लघवीची पिशवी भरू लागली होती, म्हणजे त्याच्या अंगाला रक्त पुरू लागलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या बातम्या दिल्या आहेत, पण लघवीसाठी हणमंतला रडताना तेव्हा पाहिलं.

पुढं तीन महिने आम्ही पुण्यातच एक खोली घेऊन राहिलो. दर आठवड्याला तपासणी. जूनमध्ये, आठव्या महिन्यात, पोट उघडून दोन्ही बाळं काढली. मुली. एक पावणेदोन किलो, एक सव्वा किलो. दोघी रडल्या. एका वारेची दोन, त्यामुळं नाकडोळे एकाच साच्यातले. फक्त धाकटीचा रंग फिका. तिला त्याच दिवशी थोडं रक्त द्यावं लागलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं.

दुपारी डॉक्टर देवस्थळींनी मला बोलावणं पाठवलं. आतल्या खोलीत स्टीलच्या ट्रेमध्ये वार धुऊन ठेवली होती.

"आम्ही रंग भरतो तपासायला," त्या म्हणाल्या. "आज कँटीनमधून दूध मागवलंय."

त्यांनी सिरिंज माझ्याच हातात दिली. आता प्लॅस्टिकची, हलकी. मोठीच्या नाळेत मी हळूहळू दूध भरत गेले. हातांना काम आठवत होतं. दूध वारेवर पसरलं, फांद्या फुटल्या, फांद्यांना काड्या फुटल्या. मधोमध तपकिरी रेषा होती, जळाल्याची, शिवणीसारखी सरळ. दूध सगळीकडून त्या रेषेपर्यंत आलं आणि थांबलं. पलीकडचा अर्धा भाग तसाच लालजांभळा राहिला. मी दुसऱ्या नाळेचं टोक बोटांत धरून उभी होते. काही येत नव्हतं. मिनिट गेलं, दोन गेली.

मग अगदी कडेला, जिथं रेषा संपत होती तिथं, केसाएवढी एक पांढरी रेघ पलीकडं सरकली. मी आणखी थोडं दाबलं. बोटांतल्या टोकाला एक थेंब आला. एकच. टाचणीच्या डोक्याएवढा.

"तिथंच," डॉक्टर म्हणाल्या.

मी सिरिंज खाली ठेवली आणि सारिकाकडं गेले. ती जागी होती, मोठी तिच्या कुशीत.

"एक राहिली होती," मी म्हणाले. "कडेला. केसाएवढी. म्हणून धाकटी फिकी आहे."

"आणि टाकेच घातले असते तर?"

"माहीत नाही. रेषेच्या आत जळालेल्या किती होत्या, ते आता कुणालाच मोजता येणार नाही."

"आता काय?"

"आता काही नाही. दोघींच्याही नाळा दोन्हीकडून बांधल्यात. मी बघून आले."

सारिकानं मोठीच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "जतला कधी जाताय?"

धाकटी पेटीतून बाहेर आली, दोघी तासगावला घरी आल्या, त्यानंतर मी एसटी धरली. आमच्या जुन्या उपकेंद्राच्या जागी दोन मजली इमारत झाली होती. वाडीचा रस्ता मात्र विचारावा लागला नाही. निंगव्वा ओसरीवर सुपात मटकी निवडत बसली होती. पासष्टीची, दात गेलेले. मला तिनं ओळखलं, आणि सिस्टर आल्या म्हणून आत वर्दी दिली, चहा टाक म्हणाली. आत तिची लेक होती, महादेवी, माहेरपणाला आलेली. तीच मुलगी, जिला मी पुसत होते.

चहाची वाट न बघता मी सांगितलं. भांडं, टोक, डॉक्टरांना दिलेलं उत्तर, तिला दिलेलं उत्तर, सगळं. तिच्या पायांवर हात ठेवायला वाकले, तर तिनं सूप मध्ये आणलं. मटकी निवडायची तिची बोटं थांबली होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी त्यासाठीच गेले होते.

मग तिनं एवढंच विचारलं. "बाई, पोरगा होता का पोरगी? मला कुणी दाखवलं न्हाई. सासू गेली, तिनंबी सांगितलं न्हाई."

"पोरगी होती," मी म्हणाले.

"दिसायला कशी होती?"

दारात महादेवी दोन्ही हातांत कपबशा धरून उभी होती.

"अशीच," मी म्हणाले. "अगदी अशीच."

निंगव्वा वळली आणि चव्वेचाळीस वर्षांच्या लेकीकडं बघत राहिली. महादेवी चहा घेऊन तशीच उभी होती. खाली ठेवावा की कसं, ते तिला कळेना.